मार्गशीर्षाचं पान

पाडव्याला गुढी उभी राहिली, कडुलिंबाची पानं चावून सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, आणि उपाध्ये ओटीवर पाटावर बसून नव्या वर्षाचं पंचांग वाचायला लागले. यंदा पाऊस कसा, कुठलं धान्य चांगलं पिकेल, कोणत्या दिशेच्या राजांचं आपसांत पटणार नाही, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि ते तेच सांगायला शेजारच्या घरी गेले. मी माजघराच्या दारामागे उभी राहून ऐकत होते. माझं लग्न होऊन एक वर्ष झालं होतं. एकोणीसशे तीस उलटलं होतं एवढं आठवतं, नेमकं साल आता सांगता येणार नाही. ऐकता ऐकता माझ्या मनात आलं, राजांचं काय होणार ते कळलं, पण आपल्या घराचं वर्ष कसं जाणार ते कोणी सांगितलंच नाही.

असं मनात यायला कारण होतं. आमचं घर मांडवीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. घरात आम्ही चौघं. सासरे जन्मभर गलबतावर तांडेल होते, खलाशांचे मुख्य. गुडघे धरायला लागले तेव्हा ते घरी बसले. सासूबाई घर आणि थोडी भातजमीन सांभाळत. आमचे हे बंदरावरच्या कचेरीत कारकून. आणि मी. पावसाळ्यात आगबोटी बंद व्हायच्या, होड्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झावळ्यांच्या झापांनी झाकायच्या, आणि नारळीपौर्णिमेपर्यंत समुद्राकडून काही म्हणून मिळायचं नाही. त्यामुळे सगळी बेगमी चैत्र-वैशाखातच करावी लागे. आदल्या वर्षी सासूबाईंना वाटलं, सुकी मासळी मामंजींनी सांगून ठेवलीय. मामंजींना वाटलं, ती मुलाने आणलीय. ह्यांना वाटलं, ते बायकांचं काम. मी नवी, मला कोणी विचारलंच नव्हतं. आषाढात मडकं उघडलं तर तळाशी मूठभर सुकट. मग महिनाभर कुळथाची पिठी. मामंजी रोज पानावर बसले की वाटीत बघून शांतपणे म्हणायचे, "आज कुळीथ." गलबतावर वाऱ्याची दिशा सांगावी तसे.

माझे वडील लांज्याच्या बाजूला एका खेड्यात मास्तर होते. त्यांची एक टाचणवही असे. कोणत्या आठवड्यात कोणता धडा, कोणती उजळणी, हे त्यात आधीच लिहिलेलं असायचं. त्या वहीची पानं मी लहानपणी आखून द्यायची. घराचीही तशी वही का असू नये, असं मी त्या संध्याकाळी ह्यांना विचारलं.

हे जरा हसले. "म्हणजे सोमवारी आमटी, मंगळवारी कढी?"

"तसं नाही. कुठल्या महिन्यात काय करून ठेवायचं, एवढंच."

"कर की मग. कागद मी आणतो."

दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना ह्यांनी बाजारातून कोऱ्या कागदाचा दस्ता आणला. मी तो घडी घालून, सुरीने कापून पानं सारखी केली. शिवायला बसले तर माझी सुई कागदात वाकली. ओटीवर जाळं विणत बसलेल्या मामंजींनी हे पाहिलं आणि हात पुढे केला. "आण इकडे. ही फडकी शिवायची सुई."

त्यांनी आपल्या पेटीतून शीड शिवायचा दाभण काढला, मेण लावलेला दोरा काढला, आणि एका बाजूने अशी शिवण घातली की ती वही तुफानात टिकली असती. फक्त ती नीट उघडेना. पानावर लिहायचं तर दुसऱ्या हाताने ते दाबून धरावं लागे. वरून त्यांनी जुन्या शिडाचा एक तुकडा पुठ्ठ्यावर चढवला. त्या कापडाला खाऱ्या वाऱ्याचा वास होता, तो पुढे कितीतरी दिवस गेला नाही.

शाईची पुडी पाण्यात कालवून मी लिहायला बसले. मथळे बोरूने, आतलं टाकाने. एका महिन्याला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर त्या महिन्याची कामं, उजवं पान मोकळं, प्रत्यक्षात काय झालं ते लिहायला. काम झालं की समोर टिंब. राहिलं आणि पुढच्या महिन्यावर गेलं तर बाण. वडिलांच्या वहीत बाण नव्हते, ती भर माझी.

हे सगळं सासूबाई येता-जाता बघत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्याची त्यांना कधी अडचणही वाटली नव्हती. शेवटी सूप खाली ठेवून त्या माझ्यासमोर बसल्या.

"सूनबाई, पुढचं असं लिहून ठेवू नये गो. आपण लिहायचं आणि वरच्याने पुसायचं."

"मग तुम्ही तांदूळ आधी भरून ठेवता ते कसं चालतं, आई?"

"ते करणं झालं. हे सांगणं झालं. सांगू नये."

मामंजी बाहेरून म्हणाले, "गलबत सुटायच्या आधी कुठल्या बंदराला जायचं ते सांगावंच लागतं. नाहीतर खलाशी विचारतात."

"तुमचं गलबत गोव्याला जायचं म्हणून निघायचं आणि मालवणातच आठ आठ दिवस बसायचं," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा काय लिहिलं होतं?"

मामंजी परत जाळ्याकडे वळले. तोड ह्यांनी काढली. प्रत्येक महिन्याच्या वर 'देवाच्या मनात असेल तर' असं लिहायचं. सासूबाईंनी यावर बराच विचार केला आणि मग म्हणाल्या, "ठळक लिही. त्याला दिसलं पाहिजे."

एकदा देवाची सोय लागल्यावर त्या मोकळ्या झाल्या. दुपारची झाकपाक झाली की भिंतीला टेकून, डोळे मिटून त्या सांगायच्या आणि मी लिहायची. चैत्रात मीठ, मिरची, लाकूडफाटा, कच्च्या फणसाचे पापड. वैशाखात आमसुलं, आंब्याची साठं, सुकी मासळी, पडवीला झापं बांधणं. ज्येष्ठात पेरणी. आषाढात लावणी. डोळे मिटलेलेच, पण एकही काम सुटायचं नाही. आश्विनात आल्यावर त्या थांबून म्हणाल्या, "कापणीला विळे धार लावून आणायचे ते आधीच्या महिन्यात लिही. दरवर्षी ऐन वेळी धावपळ होते." आणि डोळे उघडून त्या वहीकडे जरा निराळ्या नजरेने बघायला लागल्या.

बारा महिने लिहून झाले तरी मागे पानं उरली. कामांनीच वही भरली तर ती उघडावीशी वाटणार नाही, म्हणून मी प्रत्येकाला एक पान दिलं. यंदा मला काय करायचंय, ते तिथे लिहायचं. ह्यांनी सायकल शिकायचं लिहिलं. मामंजींना विहिरीचा रहाट स्वतःच्या हाताने नवा करायचा होता, कारण सुताराने केलेला त्यांना कधीच पसंत पडला नव्हता. मी लिहिलं, वाचनालयातून दर महिन्याला एक पुस्तक आणून वाचायचं. हे मी बारीक अक्षरात लिहिलं.

सासूबाई म्हणाल्या, "माझं काय असणार? मरूंदे. त्या पानावर धोब्याचे कपडे लिही."

मी पान तसंच ठेवलं. फणसाचे पापड घालायचा दिवस आला. आम्ही दोघी अंगणात उन्हात बसून पापड थापत होतो आणि समोर समुद्रावर दुपारची आगबोट उत्तरेकडे निघाली होती. सासूबाईंनी हात थांबवला आणि त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"ही दाभोळला जाते ना?"

"जाते. जयगडनंतर दाभोळच."

"माझी थोरली बहीण आहे तिथं."

हे मला ठाऊकच नव्हतं. सासूबाईंचं माहेर दाभोळचं, आईवडील केव्हाच गेलेले, एवढंच मी ऐकलं होतं. बहिणीचं घर खाडीच्या काठी होतं. भाचीच्या लग्नाला त्या गेल्या होत्या, त्या भाचीला आता नातवंडं व्हायची वेळ आली होती. मधल्या काळात बहिणी भेटल्याच नव्हत्या. मामंजी इतकी वर्षं दाभोळवरून ये-जा करत होते, बहिणीचे निरोप, कधी नारळाच्या वड्या आणून देत होते. त्या स्वतः मात्र दारातून आगबोट बघत राहिल्या.

"का नाही गेलात, आई?"

"वेळ कुठं सापडला?" त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. सुई हरवली आणि सापडली नाही, तसा वेळ.

मी हात धुऊन वही आणली. "बघू या सापडतो का."

मग आम्ही दोघी पापड वाळत टाकून महिने शोधायला बसलो. वैशाख शक्यच नव्हता. ज्येष्ठ ते श्रावण आगबोट नाही. भाद्रपदात गणपती. आश्विनात कापणी, कार्तिकात झोडणी आणि दिवाळी. प्रत्येक पान मी वाचायची आणि त्या मान हलवायच्या. मार्गशीर्षाच्या डाव्या पानावर मात्र दोनच ओळी होत्या: कडव्या वालाची पेरणी, आणि गुरुवारची पूजा.

"पेरणी मामंजी बघतील," मी म्हटलं. "पूजा मी करीन."

"आणि चूल?"

"मला येत नाही का चूल पेटवता?"

"येते गो. पण ह्यांना माझ्या हातचंच..." त्या तिथेच थांबल्या. वाक्य पुरं करावं असं बहुतेक त्यांना वाटलं नाही. मग म्हणाल्या, "लिही. पण देवाच्या मनात असेल तर हे दोनदा लिही."

मी त्यांच्या पानावर आणि मार्गशीर्षाच्या पानावर, दोन्हीकडे लिहिलं: दाभोळ.

ते वर्ष मजेत गेलं. सुकी मासळी वैशाखातच मडक्यात पडली, आणि आषाढात मामंजींना काही जाहीर करायला उरलं नाही. ह्यांनी कचेरीतल्या एका सोबत्याची सायकल आणून मांडवीच्या वाळूत शिकायला सुरुवात केली. वाळूत पडलं तर लागत नाही, हा त्यांचा हिशेब बरोबर होता, पण वाळूत सायकल चालतही नाही हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्या नावापुढे मी महिन्यामागून महिना बाण काढत गेले. मामंजींचा रहाट झाला आणि तो सुताराच्या रहाटापेक्षा जास्त कुरकुरायला लागला. ते म्हणायचे, "गलबताचं लाकूड बोलतंच." मी वाचनालयातून पुस्तकं आणत होते, ह्यांच्या नावावर. सासूबाई संध्याकाळी वात लावून झाल्यावर मला विचारायच्या, "आज वहीत काय?" काय आहे ते त्यांना माझ्याआधी ठाऊक असायचं. पण ऐकायला आवडायचं.

दिवाळीनंतर शेजारच्या काकी आल्या आणि मार्गशीर्षात मुलीचं डोहाळजेवण आहे, तेव्हा सासूबाईंनी आदल्या दिवसापासून यावं, असं म्हणाल्या. आमच्या आळीत कोणाचंही कार्य असो, सासूबाईंशिवाय व्हायचं नाही. मी आत भाजी चिरत होते. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "तेव्हा मी नाही. माझं लिहून ठेवलंय."

काकींना काही समजेना. "काय लिहून ठेवलंय?"

"दाभोळ," सासूबाई म्हणाल्या.

अडचण आली ती मामंजींची. दाभोळला जायला त्यांची ना नव्हती. आगबोटीला होती. आगबोटींनी गलबतांचा धंदा खाल्ला हा त्यांचा राग जुना होता, आणि आपल्या बायकोने त्या धुराच्या पेटीत बसून जावं हे त्यांना मानवेना. "माझ्या ओळखीच्या तांडेलाचं गलबत परवा निघतंय," ते म्हणाले. "वारा बरा आहे. मी स्वतः नेतो."

"तुमच्या गलबतातून मी एकदाच आले," सासूबाई म्हणाल्या. "लग्न होऊन. दाभोळपासून मांडवीपर्यंत पोटातलं सगळं समुद्राला वाहिलं. मी आगबोटीने जाईन."

"मग मी येणार नाही."

"मी या म्हटलंय का?"

शेजारचं एक कुटुंब मुंबईला चाललं होतं. त्यांच्या सोबतीने दाभोळपर्यंत जायचं आणि तिथल्या धक्क्यावर सासूबाईंचा भाचा उतरवून घेईल, असं ठरलं. ह्यांनी तिकीट काढून आणलं. सासूबाईंनी गाठोडं बांधलं त्यात फणसाचे पापड, आमसुलं, साठं, नव्या तांदळाची पुरचुंडी आणि बहिणीसाठी घेतलेलं हिरवं लुगडं होतं. आदल्या दिवशी त्यांनी मला घरातली प्रत्येक गोष्ट परत एकदा दाखवली, जणू मी ती कधी पाहिलीच नव्हती.

आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती आत खोल पाण्यात नांगर टाकायची आणि उतारू होड्यांनी तिच्यापर्यंत जायचे. आम्ही सगळे धक्क्यावर गेलो. मामंजीही आले, पण जरा लांब उभे राहिले, जसं काही दुसऱ्याच कामाला आले होते. सासूबाई होडीत बसल्या. त्यांनी लुगड्याचा काचा आवळून घेतला होता, तोंड घट्ट मिटलं होतं. होडीवाल्याने दोर सोडला. तेवढ्यात मामंजी झपाझप पुढे आले आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी होडीत उतरले.

"आगबोटीची शिडी हलते," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "हात कोण देणार? चढवतो आणि येतो."

आम्ही दोघं धक्क्यावर थांबलो. होडी आगबोटीच्या बाजूला लहान होत गेली. माणसं चढताना दिसली, पण कोण कुठलं ते ओळखू येईना. मग आगबोटीने भोंगा दिला आणि ती हलली. होडी परत आली. तीत होडीवाला एकटाच होता.

"बाबा कुठं?" ह्यांनी विचारलं.

"गेले," होडीवाला म्हणाला. "शिडी चढून वर गेले, बाईंना बाकावर बसवलं, तर बाई म्हणाल्या, आता आलात तर बसा. ते बसले. तुम्हाला निरोप सांगितलाय. सुनेला म्हणावं, माझा भात टाकू नको."

हे हसत हसत धक्क्यावरच खाली बसले. मामंजींच्या अंगावर घरातला पंचा आणि बंडी, पायांत काही नाही. अशाच वेषात ते बायकोच्या माहेरी गेले होते.

त्यानंतरचे दिवस मला फार चांगले आठवतात. घरात आम्ही दोघंच, लग्नानंतर पहिल्यांदा. सकाळी मी मनाला येईल तेव्हा चूल पेटवायची. संध्याकाळी हे कचेरीतून आले की आम्ही वाळूत फिरायला जायचो. लोक बघायचे, बघू दे. एके दिवशी मी भात करायचा सोडून पुस्तक वाचत बसले आणि आम्ही दोघांनी पोहे खाल्ले. कडव्याची पेरणी हे आणि मी करून आलो. ओळी जरा वाकड्या आल्या. उजव्या पानावर मी त्या दिवसांत काहीच लिहिलं नाही.

ठरलेला दिवस उलटला तरी ती दोघं आली नाहीत. आणखी काही दिवसांनी आली. होडीतून उतरताना मामंजींच्या अंगावर भाच्याचा सदरा होता, तो त्यांना आखूड होत होता. सासूबाईंचा चेहरा उन्हाने रापला होता, आणि त्या बोलत होत्या. घर येईपर्यंत बोलत होत्या. आगबोटीवर एका बाईने त्यांना चहा दिला. आगबोट जराही हलली नाही. मामंजी सबंध वाटेत बोट चालवणाऱ्या सारंगाजवळ उभे राहून त्याला खडक कुठे आहेत ते सांगत होते, आणि त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतलं, भला माणूस.

"चालते सरळ," मामंजी म्हणाले. "वाऱ्याची भीड ठेवत नाही." आगबोटीविषयी त्यांनी काढलेला हा पहिला बरा शब्द.

"आणि मावशी?" मी विचारलं.

"म्हातारी झाली. मला बघून म्हणाली, तू म्हातारी झालीस." सासूबाई हसल्या. "मग आम्ही मागच्या पडवीत बसलो."

"काय केलंत एवढे दिवस?"

त्यांनी आठवून पाहिलं. "काही नाही गो. बसलो होतो. खाडीतून होड्या जायच्या, त्या बघायचो. सुना काम करत होत्या. मला कोणी उठूच देत नव्हतं." त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटत होतं. मी मार्गशीर्षाच्या पानावर दाभोळसमोर टिंब दिलं, आणि ते कुठे दिलं हे त्यांनी बोट ठेवून बघितलं.

पुढच्या पाडव्याला नवी वही झाली. या खेपेला मामंजींनी शिवण सैल घातली. मी अजून पानं आखत होते तोच सासूबाई येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझं आधी लिही. तिला इकडे आणायची."

"कुठल्या महिन्यात?"

"पौषात. मी सगळं बघून ठेवलंय."

आणि मावशी पौषात खरंच आल्या. त्यांच्या मुलाने त्यांना होडीतून जवळजवळ उचलूनच धक्क्यावर ठेवलं. बारीक चणीच्या, अंगावर तेच हिरवं लुगडं, बोलायला सासूबाईंपेक्षा मोकळ्या. चार दिवसांसाठी आल्या होत्या, महिनाभर राहिल्या. रोज सकाळी ओहोटी लागली की दोघी बहिणी पदर खोचून, टोपली घेऊन खडकांलगतच्या वाळूतून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जायच्या. टोपलीत तिसऱ्या थोड्याच असायच्या. दोघी खडकावर बसून बोलत राहायच्या आणि पाणी चढायला लागलं की उठायच्या. लांबून मला त्या दोघी येताना दिसायच्या, लुगडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर. अंगणात पाय ठेवताच सासूबाई मला हाक मारायच्या, "सूनबाई, भात झाला का गो? आम्हाला भूक लागलीय." आणि पाय धुवायला विहिरीकडे जायच्या.